मागचा माणूस

"उजवा पाय हळूच उचला," सुरभी म्हणाली, आणि काळूरामने पाय असा उचलला की तो खाली येताना फरशी वाजली. त्याच्याखालची प्लास्टिकची खुर्ची वीतभर मागे सरकून शेजारच्या बाईच्या खुर्चीवर आदळली. दहिवलीच्या विहाराच्या हॉलमध्ये गोलात बसून पाय हलवणारी सगळी मंडळी एकदम थांबली.

"काका, निम्माच जोर लावा," सुरभी म्हणाली. "जेवढा लावू शकता, त्याच्या निम्मा."

काळूरामने मान हलवली आणि पुन्हा पाय उचलला. या खेपेला खुर्ची जागची हलली नाही, पण कमरेतून निघालेली कळ थेट पोटरीपर्यंत गेली. ती त्याने दात आवळून आतल्या आत ठेवली. निम्मा जोर म्हणजे काय, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. उभं आयुष्य ज्याने माथेरानच्या चढावर हातरिक्षा ओढली त्याला जोर दोनच तऱ्हेचा ठाऊक. एक लावलेला आणि दुसरा सोडलेला, आणि सोडला की गाडी मागे येते.

हॉलमधल्या त्या खुर्च्या एरवी लग्नाला आणि शोकसभेला निघायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मात्र त्यांच्यावर गुडघे, मान, कंबर असले जुने दुखणेकरी येऊन बसायचे. सुरभी मूळची खालापूरकडची, फिजिओथेरपी शिकून कर्जतच्या एका दवाखान्यात लागलेली, वयाने काळूरामच्या लेकीपेक्षाही लहान. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं की दुखणं जाईल असं वचन ती कोणाला देणार नाही. ते राहणार, आपण त्याच्यासकट उठायला-बसायला शिकायचं. हे ऐकून काळूरामला रागच आला होता. दुखणं जाणारच नसेल तर बालवाडीतल्या पोरांसारखं हात वर, हात खाली कशाला करायचं, असं अगदी ओठावर आलं होतं. तरी तो बसून राहिला. त्याला एकच गोष्ट शिकायची होती आणि ती शिकवणारं दुसरं कोणी त्याच्या माहितीत नव्हतं. त्याला सकाळी खाटेवरून एकट्याने उठायचं होतं.

त्याची कंबर एकाएकी गेली नव्हती. आधी ती सकाळी धरायची आणि चढावरची पहिली खेप झाली की सुटायची. मग दुपारपर्यंत धरायला लागली, मग सुटेचना. डॉक्टरांनी फोटो काढले, मणके झिजलेत म्हणाले, पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि जपून राहायला सांगितलं. जपून राहायचं म्हणजे माथेरान सोडायचं. गाडीची दांडी दुसऱ्याच्या हातात देऊन तो खाली दहिवलीला आला तो कायमचाच. दिवसा तो बऱ्यापैकी हिंडायचा-फिरायचा, ओट्यावर बसायचा, चार माणसांत हसायचाही. पण रात्रभरात कंबर अशी आखडायची की सकाळी त्याला कूससुद्धा बदलता येत नसे.

पहाटे घाटाकडे मालगाडी निघाली की खाट हलकीशी थरथरायची. त्या थरथरीनेच त्याला जाग यायची, पण तो डोळे मिटून पडून राहायचा. खाटेशेजारी जमिनीवर अंथरूण घालून झोपणारी त्याची बायको, जानकीबाई, त्याच्या आधीच उठलेली असायची. थोड्या वेळाने ती उशाशी येऊन वाकायची आणि म्हणायची, "धरा." तो दोन्ही हात तिच्या मानेभोवती टाकायचा. ती श्वास आत घ्यायची, तो तिथेच ठेवायची आणि मागे रेलत त्याला उभा करायची. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास यायचा. दिवसभरात दोघांचा एकमेकांना हात लागायचा तो तेवढाच. काळूरामला ते आवडायचं, आणि आवडतं याची लाजही वाटायची.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये दीक्षाचा फोन आला. दीक्षा त्यांची लेक, खोपोलीला दिलेली. सासू नाही, नवरा कारखान्यात पाळीवर जाणारा, मोठा मुलगा अजून अंगणवाडीत, आणि दुसऱ्या खेपेचा सहावा महिना चालू. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं. दुसऱ्याला आईने खोपोलीला येऊन सव्वा महिना राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. जानकीबाई मागल्या दारी उभी राहून फोनवर बोलत होती आणि काळूराम आत खाटेवर पडून ऐकत होता.

"येईन गं," ती म्हणाली. "पन तुज्या बाबाला सकाळी कोन उठवनार? नुसतं पडून ऱ्हातील."

ते काळूरामच्या मनाला इतकं लागलं की त्या दिवशी त्याला धड जेवण गेलं नाही. लेकीच्या बाळंतपणात आपण आडवे आलो, याहून वाईट काय असतं? त्याच आठवड्यात, आसपासच्या सगळ्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या गल्लीतल्या आवडीकडून विहारात व्यायामाचा वर्ग निघाल्याचं त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी काठी टेकत तो तिथे जाऊन बसला.

निम्मा जोर त्याला सापडला तो अवचितच. एका शुक्रवारी सुरभी पाठ हळूहळू पुढे झुकवायला सांगत होती आणि त्याला माथेरानचा उतार आठवला. गाडीत एखादी भित्री म्हातारी बसलेली असली की उतारावर गाडी ओढायची नसते आणि सोडायचीही नसते, नुसती धरून चालायची असते. तांबड्या मातीत टाच रोवत, एकेक पाऊल मोजून. त्याने कंबर तशी धरली आणि तो पुढे झुकला. कळ आली, पण नेहमीसारखी धावत आली नाही. त्याने हे सुरभीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिला इतक्या दिवसांत याहून चांगलं समजावता आलं नव्हतं. काळूराम त्या दिवशी घरी जाताना काठी बगलेत मारून चालला.

पुढच्या वेळी तो मालोजीला घेऊन आला.

मालोजी त्याचा मागचा. हातरिक्षेला पुढे एक माणूस दांडीत लागतो आणि मागे एक रेटायला. पुढचा कधी वळून बघत नाही. बघितलं तर दांडी हलते आणि आत बसलेला माणूस घाबरतो. मागचा कधी बोलत नाही. थांबायचं कुठे ते पुढच्याने ठरवायचं, आणि मागून आवाज आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालायचं. या नियमावर दोघांनी उमर काढली होती. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिनं लावतात, त्यावरून वर माथेरानला मालोजीला सगळे इंजिनच म्हणायचे. आता तो डोंगरपायथ्याच्या आपल्या गावात भातशेती बघायचा, आणि त्याचा खांदा गेल्याचं काळूरामच्या नुकतंच कानावर आलं होतं.

मालोजी आला, चपला काढल्या आणि दारातच घुटमळला. इतकी वर्षं दोघं एका गाडीला लागलेले, पण विहारात त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. काळूरामने शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर थाप मारली, तेव्हा तो आत आला. सुरभीने सगळ्यांना हात वर करायला सांगितले. मालोजीचा डावा हात गेला. उजवा खांद्यापाशी येऊन थांबला आणि तिथेच थरथरत राहिला. ज्या हाताने आपली गाडी चढावर लोटली तो हात असा बघताना काळूरामला कसंतरीच झालं, आणि त्याने नजर फिरवली.

वर्ग संपल्यावर दोघं विहाराच्या पायरीवर उन्हात बसले. काळूरामने खिशातून शेंगदाणे काढले आणि अर्धे मालोजीच्या ओंजळीत घातले.

"खांदा कवा गेला रं तुजा?"

"लय जुनं हाय ते," मालोजी म्हणाला. "आपन त्या पुन्याच्या जाड्या शेठला वर नेला व्हता बग, घोड्यावर बसायला घाबरत व्हता तो. तवाच."

काळूरामने हिशेब केला. त्यानंतरही दोघांनी कितीतरी वर्षं गाडी चालवली होती.

"आन् बोलला नाय मला?"

मालोजी शेंगदाण्याची सालं फुंकत राहिला. "मागच्यानं बोलायचं नसतं. बोललं का दम जातो. दम गेला का गाडी मागं येते."

"मला वाटायचं, तू गप हाय म्हंजी बरा हाय."

"पुढच्याला तसंच वाटतं," मालोजी म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून काळूरामला ते जास्तच बोचलं. आपल्या वाटचे उरलेले शेंगदाणेही त्याने मालोजीच्या हातात ठेवले, आणि मालोजीने ते खाल्ले.

थंडी पडायला लागली तशी सुरभीने उठण्याचा धडा घेतला. हॉलमधली दोन बाकं जोडून त्यावर चटई टाकली आणि स्वतः आडवी होऊन दाखवलं. आधी गुडघे दुमडायचे. मग कुशीवर वळायचं, पण खांदा आणि कंबर एकदम, मागेपुढे नाही. मग कोपर टेकायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. हे सगळं श्वास सोडत.

"दुखलं की आपण सगळे श्वास धरून ठेवतो," ती म्हणाली. "कोणाला दुखतंय हे मला तोंडाकडे बघून कळत नाही. माणसं तोंड छान सांभाळतात. श्वासावरून कळतं."

काळूराम घरी सराव करू लागला. जानकीबाई दुपारी गवताला नाहीतर बाजारात गेली की तो खाटेवर आडवा व्हायचा आणि उठायचा, पुन्हा आडवा व्हायचा आणि पुन्हा उठायचा. दुपारची कंबर सैल असते, सकाळची खरी परीक्षा, हे त्याला माहीत होतं. पहाटे जाग आली की तो नुसतं कुशीवर वळून बघायचा आणि जानकीबाईची चाहूल लागली की परत उताणा व्हायचा. तिला आधी कळू द्यायचं नव्हतं. एकदम उठून दाखवायचं होतं. इतक्या वर्षांत बायकोला देण्यासारखं आपल्याकडे काहीतरी आहे, याचा त्याला लहान मुलासारखा आनंद झाला होता.

मग एका सकाळी ती उशाशी येऊन वाकली आणि "धरा" म्हणाली, तेव्हा त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"थांब. बग नुसतं."

त्याने गुडघे दुमडले. कुशीवर वळला. कोपर टेकलं, पाय सोडले, आणि कळ वाढत असतानाच श्वास सोडत तो बसता झाला, मग उभा राहिला. कपाळावर घाम आला होता. त्याने तिच्याकडे बघितलं.

जानकीबाई तशीच वाकलेली होती, हात पुढे केलेले. ते हात तिने सावकाश मागे घेतले आणि पदराला पुसले. त्यांना काही लागलेलं नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली.

काळूरामला वाटलं होतं ती हसेल, निदान दोनदा विचारेल, हे कसं जमवलं म्हणून. तिच्या तोंडावर जे आलं होतं ते हसू नव्हतं. दिवसभर तो त्याचाच विचार करत राहिला. शेवटी त्याने आपल्या मनाशी एक उत्तर काढलं. सकाळचं ते धरणं आपल्याला जसं आवडत होतं तसं तिलाही आवडत असणार, आणि आपण ते एका झटक्यात काढून घेतलं. या विचाराने त्याला वाईट वाटलं आणि आतून थोडं बरंही वाटलं. संध्याकाळी त्याने दीक्षाला फोन करून सांगितलं की आता बाबा आपला आपण उठतो, आई मोकळी झाली.

पण जानकीबाई निघेना. आधी भात गिरणीवर न्यायचं होतं. मग वाल पेरायचे होते. मग खोपोलीला जायला सोबत नव्हती. काळूरामने तिची पिशवी काढून खुंटीला अडकवली. ती रोज त्या पिशवीखालून ये-जा करायची आणि तिच्याकडे बघायची नाही. दीक्षाचा दिवसाआड फोन यायचा आणि जानकीबाई तिला म्हणायची, निघते गं, चार दिवसांत निघते. सवयीने ती अजून सकाळी उशाशी येऊन उभी राहायची. काळूराम आपला आपण उठला की मान हलवायची आणि कामाला लागायची.

एका संध्याकाळी त्याचा तोल सुटला. लेक तिकडे वाट बघतेय, आता माझं निमित्तही उरलं नाही, मग तुझं अडलंय कुठे, असं तो बरंच काही बोलला, आणि शेवटी म्हणाला की आईला लेकीकडे जायला ढकलावं लागतं हे आजच बघितलं. जानकीबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही आणि एक अक्षर बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं काळूरामने धरलं. उद्या आपण तिच्या आधी उठायचं, चहा ठेवायचा, पिशवी दाराशी आणून ठेवायची आणि तिला खोपोलीच्या गाडीत बसवून द्यायचं, असं ठरवून तो झोपला.

पहाटे त्याला नेहमीच्या थरथरीने जाग आली. मालगाडी निघाली, तो मनात म्हणाला, आणि आवाजाची वाट बघत राहिला. आवाज आला नाही. बाहेर सगळं शांत होतं, कुठे कोंबडा ओरडत होता तेवढाच. खाट पुन्हा थरथरली. त्याने मान न हलवता डोळे किलकिले करून खाली बघितलं.

मागल्या दाराच्या फटीतून थोडा उजेड येत होता. जानकीबाई अंथरुणावर उताणी होती. तिने गुडघे दुमडले. मग ती कुशीवर वळली, खांदा आणि कंबर एकदम. कोपर टेकलं आणि थांबली. थोड्या वेळाने तिने हात लांबवून खाटेचा पाय धरला, त्यावर सगळा भार टाकला, आणि खाट थरथरली. ती गुडघ्यांवर आली आणि तिथेच राहिली, डोकं खाली घालून. काळूराम तिच्या श्वासाची वाट बघत होता. श्वास येत नव्हता. आपणही आपला धरून ठेवलाय, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं.

ती उभी राहिली. भिंतीला हात लावून घटकाभर तशीच थांबली. मग पदर नीट केला, तोंडावरून हात फिरवला, आणि त्याच्याकडे वळेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं.

"उठताय ना?" तिने विचारलं.

"उठतो," काळूराम म्हणाला.

तो उठला, पण ना चहा ठेवला, ना पिशवीला हात लावला. ओट्यावर जाऊन बसला. जे शिकायला त्याला इतके दिवस लागले, सुरभी लागली, बाकं लागली, ते ही बाई कोणी न शिकवता रोज पहाटे त्याच्या खाटेशेजारी करत होती. खाटेची ती थरथर घाटाकडे जाणाऱ्या गाडीची आहे असं तो वर्षानुवर्षं समजत आला होता, आणि त्यातल्या किती पहाटे गाडीचा आवाज खरंच आला होता ते त्याला आता आठवेना. असं उठून, वर ती त्यालाही उठवत होती. केव्हापासून, ते त्याला माहीत नव्हतं. ते माहीत नसणंच त्याला सगळ्यात जास्त लागलं. घरात खाट एकच होती आणि ती त्याने अडवली होती.

मग हळूहळू त्याला बाकीचंही कळत गेलं. खोपोलीला जाऊन बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे मोरीत खाली बसायचं, पाय लांब करून नडगीवर बाळ घ्यायचं, आणि ओलं बाळ हातात घेऊन परत उठायचं. तिथे धरायला खाटेचा पाय नाही. लेकीपुढे ते जमलं नाही तर? बाबाला कोण उठवणार, हे ती फोनवर म्हणाली होती त्यावरून त्याला आपणच ओझं आहोत असं वाटलं होतं. तिला तो आडोसा होता. तिचं दुखणं त्याच्या दुखण्याच्या मागे उभं राहून गाडी रेटत होतं, आणि त्याने एका सकाळी मोठ्या हौसेने तो आडोसा काढून टाकला होता. त्यावर तिला काल संध्याकाळी काय काय बोललो, ते आठवून त्याने डोळे मिटून घेतले. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

ऊन अंगणात आलं तेव्हा दीक्षाचा फोन वाजला. जानकीबाई मागल्या दारी चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होती. काळूराम फोन कानाला लावून दारात येऊन उभा राहिला. काठी आतच होती. आई आज नक्की निघतेय का, दीक्षा विचारत होती. तुम्हाला आता आपलं आपण उठता येतं म्हणालात ना बाबा, ती म्हणाली.

"म्हनालो व्हतो खरं," काळूराम म्हणाला. "पन ते चार दिस जमलं बग. परत धरली कंबर. आईबिगर नाय उठता येत मला."

भाकरी थापणारा हात थांबला. जानकीबाईने वर बघितलं. चौकटीत दोन पायांवर सरळ उभा राहून तिचा नवरा लेकीला सांगत होता की त्याला उठता येत नाही.

तिकडे दीक्षाने नाक ओढलं. तिला रडू आलं असावं. काळूराम घाईने बोलत राहिला. तूच ये इकडे, तो म्हणाला. दुसरं बाळंतपण माहेरी करायचं नाही असं कुठे लिहून ठेवलंय? पोराला घेऊन ये, इथली अंगणवाडी आहे. न्हाऊ घालायला आवडी आहे, तिच्याइतकं ते कोणाला जमतं? जावयांशी मी स्वतः बोलतो. माझ्यामुळे तुला एवढी दगदग, पण काय करणार, कमरेपुढे इलाज नाही. दीक्षा हळू आवाजात म्हणाली की ह्यांना विचारून सांगते, आणि तिने फोन ठेवला.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. जानकीबाईने ती उलटली नाही.

"खोटं कशाला बोल्लात तिला?"

काळूरामने फोन खिशात ठेवला. सुरभीला सांगून मंगळवारी दोन खुर्च्या धरून ठेवायच्या आहेत, एवढंच तो म्हणाला. कोणाला आणि कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. जानकीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली तव्यावर गेली, पुन्हा वर आली, आणि तिचे डोळे भरले. किती वर्षांनी तो त्यात नीट बघत होता.

तो चुलीपाशी आला. सुरभीने शिकवलं तसं पायांत अंतर ठेवलं, गुडघे जरा सैल सोडले आणि दोन्ही हात पुढे केले.

"धर," तो म्हणाला.

तिने त्या हातांकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते. मग पीठ लागलेले आपले हात तिने त्यांत दिले. काळूरामला जाणवलं, तिने श्वास आत घेतला आणि तिथेच धरला.

"धरून नको ठेवू गं," तो म्हणाला. "सोड. सोडत सोडत ऊठ."

तिला ते लगेच जमलं नाही. त्याच्या स्वतःच्या कमरेतून कळ निघाली ती त्याने येऊ दिली, आणि तो थांबून राहिला. मग तिने श्वास सोडला, आणि त्याबरोबर तिच्या तोंडून कण्हल्याचा आवाज आला, बारीक आणि लांब. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून त्याने ऐकलेला तो पहिलाच. ती पूर्ण उभी राहीपर्यंत काळूराम हात न सोडता तो ऐकत राहिला.